फाल्गुन-चैत्रांतील शेतकाम आणि बेगमीच्या मालाची थेट विक्री
(आर्वी भागांतील लहान शेतकऱ्यांसाठीं एक पाठ)

आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या वर्धा जिल्ह्याच्या तीन तालुक्यांत फाल्गुन लागला म्हणजे लहान शेतकऱ्याच्या घरीं तीन गोष्टी एकाच वेळीं येऊन ठेपतात. तूर, हरभरा, गहूं व मृग बहाराचीं संत्रीं असा विकण्याजोगा माल हातीं असतो. मार्चअखेरचें देणें दारांत उभें असतें. आणि पाडव्यापासून सुरू होणाऱ्या नव्या सालाची तजवीज करावयाची असते. अशा वेळीं ‘व्यापाऱ्यास माल कां द्यावा? आपणच शहरांत नेऊन विकला तर मधला सारा नफा आपल्या पदरांत पडेल’ असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो, व कांहींजण तो अमलांतहि आणतात. त्यांपैकीं कोणास लाभ होतो, तर कोणी एका हंगामांतच कंटाळून पुन्हां व्यापाऱ्याच्या दारीं जातो. जमीन तीच, माल तोच, बाजारहि तोच. मग फळ निराळें कां मिळतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हिशेबाचीं उदाहरणें दिलीं आहेत, त्यांतील दर केवळ रीत समजण्यासाठीं धरलेले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या गांवचे व त्या आठवड्याचे दर घालून हिशेब पुन्हां मांडावा.

१. या हंगामाचें स्वरूप

पंचांगाप्रमाणें वसंत ऋतु चैत्र-वैशाखाचा. परंतु आपल्या वऱ्हाड-नागपूरकडील मुलखांत पळस फुलला कीं वसंत आला, आणि पाडवा उलटतांच त्याचा उन्हाळा झाला, असा अनुभव आहे. म्हणून कामाच्या दृष्टीनें खरा वसंत म्हणजे फाल्गुनाच्या आरंभापासून चैत्राच्या अखेरीपर्यंतचे सुमारें साठ दिवस. हे दिवस रिकामे आहेत असें शहरांतील मनुष्यास वाटतें. शेतकऱ्यास तसें वाटून चालत नाहीं.

या साठ दिवसांत गहूं व हरभरा काढून मळावयाचा असतो. तुरीचें, हरभऱ्याचें व गव्हाचें कुटार पाऊस-वाऱ्यापासून संभाळून भरावयाचें असतें. पऱ्हाटी उपटून शेत मोकळें करावें लागतें. उभ्या पऱ्हाटींत व तिच्यावरील किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून हें काम जितकें लांबेल तितका पुढील सालच्या कपाशीस धोका अधिक. त्यानंतर नांगरट किंवा वखराची पाळी देऊन जमीन उन्हांत तापूं द्यावयाची, म्हणजे हरळी-कुंद्याच्या काशा व किडींचे कोष वर येऊन मरतात. शेणखत शेतांत वाहून न्यावयाचें, धुरे नीट करावयाचे, बियाणें निवडून ठेवावयाचें. ज्यांनीं संत्र्यांचा आंबिया बहार धरला आहे, त्यांच्या झाडांवर याच दिवसांत बारीक फळ असतें व ओलीत चुकलें तर तें गळून जातें. ज्यांनीं मृग बहार धरला आहे, त्यांचीं फळें याच दिवसांत तोडणीस येतात.

शिवाय आपल्या भागांत सालदाराचें साल पाडव्यास संपतें व नवें ठरतें. जुना सालदार राहणार कीं जाणार, हें ठरेपर्यंत घरांत हातांची ओढाताण असते. सारांश, वसंतांतील प्रत्येक दिवसाला शेताकडून मागणी आहे. बाजारांत बसून काढलेला दिवस हा शेतांतून काढून घेतलेला दिवस होय, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें; कारण थेट विक्रीच्या हिशेबांत हीच बाब बहुधा लिहिली जात नाहीं.

२. बाजाराचा थोडका पूर्वेतिहास

आज व्यापारी व अडत्या यांविषयीं जी तक्रार ऐकूं येते, ती नवी नाहीं. वऱ्हाडांत कापसाच्या सौद्यांतील खोटीं वजनें, मनमानी कटती व रुमालाखालीं बोटें दाबून ठरविलेले भाव यांस आळा घालावा म्हणून नियंत्रित बाजाराची कल्पना पुढें आली. कारंजा (लाड) येथें १८८६ सालीं असा बाजार सुरू झाला. तो आपल्या देशांतील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. (हें कारंजें निराळें, आपल्या जिल्ह्यांतील कारंजा घाडगे निराळें.) १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि १९३२ सालीं मध्यप्रांतासाठीं कापूस बाजाराचा कायदा आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ सालच्या कायद्यानें कृषि उत्पन्न बाजार समित्यांना सध्यांचा पाया मिळाला.

वाहतुकीचा इतिहासहि असाच बोलका आहे. पुलगांव ते आर्वी ही अरुंद रुळांची आगगाडी १९१७ सालीं सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठीं. सुमारें ३५ किलोमीटरांचा हा मार्ग कापसाला मुख्य लोहमार्गापर्यंत पोंचवीत असे. ती गाडी आतां धांवत नाहीं. कापसाला गिरणीपर्यंतचा रस्ता लाभला, परंतु घरची डाळ, घरचे गहूं, टोपलीभर संत्रीं यांना शहरांतील स्वयंपाकघरापर्यंत नेणारा असा ठरलेला रस्ता लहान शेतकऱ्यासाठीं कोणी बांधून दिला नाहीं. तो ज्याचा त्यानेंच बांधावा लागतो.

या इतिहासांतून दोन बोध घ्यावे. पहिला असा कीं, उघडा लिलाव व खरें वजन या गोष्टी मोठ्या खटपटीनें मिळालेल्या आहेत. म्हणून बाजार समितीचें आवार सर्वस्वीं टाकाऊ समजूं नये. दुसरा असा कीं, गिऱ्हाइकास जो थेट विकणार, त्यानें वजन व प्रत या बाबतींत त्या आवारापेक्षां कांकणभर अधिक चोख राहिलें पाहिजे.

३. थेट विक्री म्हणजे काय

व्यापारी बागेचा सौदा करतो तेव्हां तो कोणतीं कामें आपल्या अंगावर घेतो, तें पाहूं. तो तोडणी करवितो. मालाची प्रतवारी करतो. गाडी आणतो व भरतो. वाटेंत व बाजारांत जी नासाडी होते ती सोसतो. गिऱ्हाईक शोधतो. आणि बहुधा पुढील दुकानदाराकडे आपला पैसा कांहीं दिवस अडकवून ठेवतो. या सहा कामांबद्दल तो जें घेतो तें वाजवीपेक्षां पुष्कळदां अधिक असतें, हें खरें आहे. पण त्याला बाजूस सारल्यानें तीं सहा कामें नाहींशीं होत नाहींत. तीं आपल्या घरच्या माणसांवर येतात. त्यांपैकीं जीं कामें आपल्या घराला स्वस्तांत व नीट करतां येतील, त्यांचाच मोबदला आपल्याला मिळेल. जीं येणार नाहींत, त्यांत व्यापाऱ्याच्या नफ्याहून अधिक नुकसान होईल. या विषयाचें मर्म एवढेंच आहे. पुढील दोन उदाहरणें तें स्पष्ट करतील.

४. पहिलें उदाहरण: मृग बहाराचीं संत्रीं

समजा, एका घरीं १० क्विंटल संत्रीं आहेत. व्यापारी झाडावरच २५ रुपये किलो दरानें मागतो व तोडणी त्याची. म्हणजे कांहीं न करतां २५,००० रुपये येतात.

आतां सर्व माल आपणच शहरांत नेऊन विकावयाचा, असें ठरविलें.

विक्री:
उत्तम प्रत ६०० किलो, ५० रुपये दरानें: ३०,०००
मध्यम प्रत २५० किलो, ३० रुपये दरानें: ७,५००
बारीक फळ १०० किलो, १५ रुपये दरानें: १,५००
नासलेलें ५० किलो: ०
एकूण: ३९,०००

खर्च:
तोडणी: २,०००
क्रेटचें भाडें: ८००
चार खेपांचें गाडीभाडें: ४,८००
जागा व किरकोळ: ८००
घरच्या दोन माणसांची चार दिवसांची मजुरी, रोजीं ४०० प्रमाणें: ३,२००
एकूण: ११,६००

निव्वळ २७,४०० रुपये हातीं आले. व्यापाऱ्याच्या दरापेक्षां २,४०० रुपये अधिक. विक्रीचा दर दुप्पट, तरी लाभ एवढाच. दोन माणसांचे चार दिवस म्हणजे आठ रोज. त्या मानानें मजुरी धरून वर एका रोजामागें ३०० रुपये उरले. शिवाय यांत एक मोठा धोका लपलेला आहे. चारांपैकीं एक दिवस गिऱ्हाईक आलें नाहीं आणि २०० किलो उत्तम माल संध्याकाळीं १५ रुपयांनीं द्यावा लागला, तर ७,००० रुपयांची खोट येते. हातीं २०,४०० रुपये राहतात. म्हणजे घरबसल्या मिळणाऱ्या रकमेहून ४,६०० रुपये कमी.

आतां तिसरी तऱ्हा पहावी. पाडव्यापूर्वींच शहरांतील ३० घरांकडून प्रत्येकी १० किलोची मागणी पक्की करून घेतली. तेवढें ३०० किलो उत्तम फळ तोडून एकाच खेपेंत पोंचविलें. उरलेल्या ७०० किलोंचा सौदा व्यापाऱ्याशीं केला. मात्र चांगलें फळ आधीं काढलें असल्यामुळें तो २५ ऐवजीं २१ रुपयेच देतो असें धरूं.

विक्री: ३०० किलोंचे १५,००० व ७०० किलोंचे १४,७००, मिळून २९,७००.
खर्च: तोडणी ६००, क्रेट ३००, गाडीभाडें १,२००, किरकोळ २००, दोन माणसांची एक दिवसाची मजुरी ८००, मिळून ३,१००.
निव्वळ: २६,६००.

येथें अधिक मिळाले फक्त १,६०० रुपये. परंतु रोज दोनच खर्ची पडले. एका रोजामागें ८०० रुपये उरले, तीन दिवस शेताला मोकळे राहिले, आणि न विकल्या जाणाऱ्या मालाचा धोका जवळजवळ नाहींसा झाला. या तऱ्हेंत एक पथ्य पाळावें. आपण कोणतीं फळें आधीं काढणार, हें व्यापाऱ्यास सौद्यापूर्वीं स्पष्ट सांगावें. इसार घेतल्यानंतर गुपचूप चांगलें फळ काढून नेणें हें अप्रामाणिकपणाचें तर आहेच, पण पुढील सालीं त्या बागेस गिऱ्हाईक मिळणें कठीण होतें.

५. दुसरें उदाहरण: तुरीची डाळ

एक क्विंटल तूर ७५ रुपये किलो दरानें विकली तर ७,५०० रुपये येतात. तीच घरीं डाळ करून विकली तर काय होतें, तें पहावें. डाळीचा उतारा सत्तर किलो धरला आहे. यंत्र चांगलें व तूर एकसारखी असेल तर तो थोडा अधिकहि पडतो.

विक्री: डाळ ७० किलो, १४५ रुपये दरानें १०,१५०; चुरी व टरफल २० किलो, २० रुपये दरानें ४००; एकूण १०,५५०.
खर्च: भरडाई ६००, पिशव्या ३५०, घरचे दोन रोज ८००, वाहतूक व घट ३००, एकूण २,०५०.
निव्वळ: ८,५००.

म्हणजे क्विंटलमागें १,००० रुपये अधिक, अथवा एका रोजामागें ५००. हा आकडा संत्र्यांच्या तिसऱ्या तऱ्हेहून लहान दिसतो. परंतु डाळ आठ दिवसांत नासत नाहीं. आज गेली नाहीं तर पुढील महिन्यांत जाते. काम घराच्या अंगणांत, सकाळ-संध्याकाळच्या वेळांत होतें. त्यासाठीं शेत सोडून जावें लागत नाहीं. चुरी व टरफल घरच्या जनावरांस घातलें तर ढेपेचा तेवढा खर्च वांचतो.

डाळ करण्याची रीत आपल्या घरोघरच्या वडील स्त्रियांस ठाऊक आहे. तूर चाळून दाणा सारखा करावा, तिला हलका ओरखडा द्यावा, तेलाचा हात लावून रात्रभर ढीग करून ठेवावी, मग पाण्याचा हबका देऊन कडक उन्हांत वाळवावी आणि भरडावी. फाल्गुन-चैत्राचें ऊन या कामास फुकट मिळालेली भट्टीच होय. जात्यावरचें कष्ट वांचविण्यासाठीं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें लहान डाळ-यंत्र तयार केलें असून तें ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ या नांवानें प्रसिद्ध आहे. एकट्या घरानें तें घेण्यापेक्षां आठ-दहा घरांनीं किंवा बचत गटानें मिळून घ्यावें.

हा विचार वर्धा जिल्ह्यास परका नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्यासच होतें. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं त्या संघानें हातसडीचा तांदूळ, घाणीचें तेल, गूळ इत्यादि गांवांतच करावयाच्या उद्योगांचा पुरस्कार केला. १९३८ च्या अखेरीस वर्ध्यांत उघडलेलें मगन संग्रहालय त्याच कार्याचें स्मारक आहे. आपली तूर गांवाबाहेर जाते आणि आपल्याच गांवच्या दुकानांत डाळ होऊन परत येते. तेव्हां त्या येण्याजाण्याचा खर्च आपणच दोन्ही बाजूंनीं भरतों, ही गोष्ट आजहि तितकीच खरी आहे.

६. बेगमी हाच आपला खरा बाजार

वरील दोन उदाहरणांवरून निघणारा नियम असा: जो माल टिकतो, ज्यावर घरीं संस्कार करतां येतो, आणि ज्याची मागणी एकदम व आगाऊ ठरते, तोच थेट विक्रीस योग्य. आतां सुदैवाची गोष्ट ही कीं, मराठी घरांत या तिन्ही गोष्टी जुळवून आणणारी एक जुनी चाल आहे. ती म्हणजे उन्हाळ्यांतील बेगमी. पावसाळ्यापूर्वीं वर्षाचे गहूं, डाळ, तिखट व हळद भरून ठेवण्याची रीत शहरांतहि अद्याप पुष्कळ घरीं चालूं आहे. लग्नसराईची खरेदी त्यांत भर घालते. अशा घराला रोज थोडें थोडें विकावें लागत नाहीं. एका खेपेंत वर्षाचा माल पोंचतो व एका वेळीं पैसा हातीं येतो. म्हणून लहान शेतकऱ्यानें रोजच्या भाजीबाजारांत दुकानदाराशीं स्पर्धा करण्यापूर्वीं बेगमी भरणारीं पंचवीस-तीस घरें जोडावीं.

गहूं बेगमीस द्यावयाचा तर तो स्वच्छ चाळलेला, खडा-मातीविरहित आणि दांताखालीं कट्ट वाजेल इतका वाळलेला असावा. ओलसर धान्य वजनाला भरतें, पण श्रावणांत त्यांत कीड पडली कीं तें गिऱ्हाईक कायमचें गेलें असें समजावें. वाळविलेला निंबाचा पाला बरोबर द्यावा. धान्यांत ठेवावयाच्या विषारी धुरीच्या गोळ्या गिऱ्हाइकाच्या पोत्यांत कदापि घालूं नयेत. त्या वायूनें घरांतील माणसें दगावतात.

हळदीच्या बाबतींत आपल्याच जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्याचें वायगांव डोळ्यांपुढें ठेवावें. तेथील हळदीस भौगोलिक मानांकन मिळालेलें असून गांवाच्या नांवावरच तिला गिऱ्हाईक येतें. नागपुरी संत्र्यासहि २०१४ सालीं तसें मानांकन मिळालें. परंतु असें नांव मालावर घालावयाचें तर उत्पादकानें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते, हें पुष्कळांस माहीत नसतें. नोंद केली तरी नांव हें केवळ दार उघडतें. आंत टिकून राहणें मालाच्या प्रतीवर अवलंबून आहे.

७. नाशवंत माल व दूध

भाजीपाला व फळें यांची थेट विक्री मुळींच करूं नये, असें येथें म्हणणें नाहीं. ती बेताची असावी. संत्र्याचें फळ ओढून तोडूं नये. कात्रीनें देठाची टिकली ठेवून कापावें, म्हणजे देठाकडून कुजत नाहीं. दंव वाळल्यावर तोडणी करावी. पोत्यांत न भरतां क्रेटमध्यें भरावें. दोन-तीन दिवस माल ठेवण्याची पाळी आली तर विटांच्या दोन भिंतींमध्यें वाळू भरून ती ओली ठेवण्याचा साधा शीतकक्ष बांधावा. त्यास वीज लागत नाहीं. मेथी, सांभार, पालक अशी पालेभाजी चैत्रांत सकाळीं नऊच्या आंत विकली गेली नाहीं तर तिचा भाव उन्हाबरोबर उतरतो. म्हणून ती जवळच्या गांवींच विकावी, दूर नेऊं नये.

आपल्या भागांतील गवळाऊ गाय ही मुख्यतः चपळ बैलांसाठीं नांवाजलेली आहे. दुधास ती बेताचीच. तेव्हां वासराचें व घरच्या मुलांचें दूध तोडून विक्री वाढविणें हा खोटा लाभ होय. उरलेलें दूध एकट्यानें दारोदार नेण्यापेक्षां संस्थेमार्फत जाणें बरें. वर्ध्याचें गोरस भंडार हें गाईच्या दुधाचा असा संघटित व्यवहार कसा चालवितां येतो, याचें जवळचें उदाहरण आहे. आणि चैत्रांत भाव चढला म्हणून कुटार विकून टाकूं नये; मृगाच्या तोंडावर तेंच दुप्पट दरानें विकत घ्यावें लागतें.

८. वजन, नियम व विश्वास

२०१६ सालच्या दुरुस्तीनें महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला यांची बाजार आवाराबाहेरील विक्री बाजार समितीच्या नियंत्रणांतून मोकळी झाली. शेतकऱ्यानें स्वतः पिकविलेला माल घरगुती वापरासाठीं थेट गिऱ्हाइकास विकण्यासहि कायद्याची आडकाठी नाहीं. मात्र तराजू व वजनें सरकारी शिक्क्याचीं असावीं. कच्चें धान्य, फळें यांस अन्नसुरक्षेच्या नोंदणीची गरज शेतकऱ्यास पडत नाहीं. पण डाळ, हळदपूड, तिखट असा संस्कार केलेला माल नियमानें विकावयाचा तर लहान उत्पादकासाठीं असलेली साधी नोंदणी करून घ्यावी, आणि बंद पुड्यावर नांव, पत्ता, वजन, तारीख व किंमत छापावी.

एकट्यापेक्षां अनेकांनीं मिळून बाजार भरविण्याचे प्रयोगहि झालेले आहेत. पंजाबांत १९८७ पासून ‘अपनी मंडी’, तामिळनाडूंत १९९९ पासून ‘उळवर संदै’ व आंध्रांत त्याच सालापासून ‘रयतु बाजार’ या नांवांनीं शेतकऱ्यांचे बाजार सुरू झाले. महाराष्ट्रांत २०१६ सालीं राज्य कृषि पणन मंडळानें संत सावता माळी यांच्या नांवें शेतकरी आठवडी बाजाराची योजना हातीं घेतली. या सर्वांचें तत्त्व एकच: जागा ठरलेली, वार ठरलेला आणि विकणारा खरा शेतकरी. गिऱ्हाइकाची सवय हीच बाजाराची भिंत असते. दोन आठवडे दुकान मांडून तिसऱ्यास दांडी मारली, तर ती भिंत उभी राहत नाहीं.

उधारीविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, व्यापाऱ्याकडची एक थकबाकी आणि तीस घरांकडच्या तीस थकबाक्या यांत दुसरी अधिक जड असते. मोबाइलवरून जागच्या जागीं पैसे देण्याची सोय आतां घरोघर झाली आहे. तिचा उपयोग करावा. मालाची वानगी आधीं द्यावी, दर आधीं ठरवावा, आणि पोत्यांतील माल वानगीहून रतिभरहि हलका नसावा.

९. घरांतील कष्टांची वांटणी

थेट विक्रीचें बरेंच काम स्त्रियांच्या वांट्यास येतें. निवडणें, पाखडणें, वाळविणें, भरडणें, पिशव्या भरणें हीं कामें त्या करतात. आणि बाजारांतून आलेला पैसा मात्र एकाच्या खिशांत जातो. वहींत त्यांचे रोज मांडले नाहींत तर ज्या व्यवहारांत तोटा आहे तोहि नफ्याचा दिसतो. वरील हिशेबांत घरची मजुरी मुद्दाम धरली आहे ती याचसाठीं. ज्या घरांत दुपारचें ऊन, स्वयंपाक, लेकरें व गुरें संभाळून कोणी शंभर किलो डाळ तयार केली आहे, त्या घरांत त्या डाळीचा पैसा तिच्या हातीं पडावा व पुढील सालीं हा उद्योग वाढवावा कीं नाहीं, हें तिनें ठरवावें. तिच्या कष्टांस मोल नाहीं असें धरून चाललेली थेट विक्री म्हणजे दलालाचा भार घरच्या माणसावर टाकणें होय.

१०. कामाचा क्रम व सारांश

होळीपूर्वीं: घरांतील माल मोजावा. घरखर्च, बियाणें व चारा बाजूस काढावा. उरलेल्यांतून मार्चअखेरच्या देण्यापुरता माल बाजार समितींत किंवा व्यापाऱ्यास विकावा. बँकेची तारीख डोक्यावर असतांना थेट विक्रीचा प्रयोग करूं नये. घाईंत असलेल्या विक्रेत्यास गिऱ्हाईकहि ओळखतें.

होळी ते पाडवा: वानगी पाठवावी, मागणी लिहून घ्यावी, डाळ करावी. सालदाराचें साल ठरवितांना विक्रीसाठीं घरचे किती दिवस जाणार, तें जमेस धरावें.

पाडवा ते अक्षय्य तृतीया: दोन किंवा तीन खेपांत माल पोंचवावा व पैसे चुकते करून घ्यावे.

अक्षय्य तृतीयेनंतर: बाजार बंद, शेत सुरू.

पहिल्या सालीं आपल्या मालाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षां अधिक माल थेट विकूं नये. वही बोलेल त्याप्रमाणें पुढें वाढवावें.

स्वाध्याय

वाचकांनीं पुढील प्रश्नांचीं उत्तरें आपापल्या वहींत लिहून काढावीं व गांवांतील बैठकींत एकमेकांस दाखवावीं.

१. फाल्गुन-चैत्राच्या साठ दिवसांत आपल्या शेताला किती रोज लागतात? घरांत किती रोज उपलब्ध आहेत? दोहोंची वजाबाकी काय उरते?
२. आपल्या घरच्या मालापैकीं कोणता माल सहा महिने टिकतो?
३. ओळखीचीं व बेगमी भरणारीं शहरांतील घरें किती? त्यांचीं नांवें लिहा.
४. मागील सालच्या एका थेट विक्रीचा हिशेब घरची मजुरी धरून पुन्हां मांडा. एका रोजामागें काय उरलें?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर शून्याहून खालीं आलें तर निराश होण्याचें कारण नाहीं. कोणतें काम आपलें नव्हे, तें त्या आकड्यानें दाखविलें, आणि पुढील वसंतांतील तेवढे दिवस जमिनीसाठीं मोकळे झाले.